गिऱ्हाईक कोण, सावज कोण?

गिऱ्हाइकांचे गट पाडावेत, त्यातला एक निवडावा आणि सगळा जोर त्याच्यावर लावावा, असं मागच्या लेखात मी सुचवलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींनी ‘हे कसं करायचं’ विचारलंय, काहींनी ‘हे करावं का’. दोन्ही घेतो.

प्रश्न : मी सांगलीत घरून फराळ आणि भाजणी विकते. भाचा म्हणतो, ‘मावशी, आधी टार्गेट कस्टमर ठरव.’ चकली तर सगळेच खातात. मग दारात आलेल्याला नाही म्हणू का?

दारात आलेल्याला नाही अजिबात म्हणू नका. पण तुमचे दोन हात आणि हाताशी असलेले चार पैसे कुणासाठी राबवायचे, हे ठरवावं लागेल. चकली सगळेच खातात, पण विकत घेण्याची कारणं वेगळी असतात. पुण्यात दोघंही नोकरी करणारं जोडपं वेळ नाही म्हणून घेतं. त्यांना पाव किलो पुरते, पण घरपोच हवी. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना भावापेक्षा चकलीचा चुरा होईल का, ही धास्ती, आणि माल दिवाळीच्या बराच आधी हवा. तिसऱ्या त्या आजी, ज्यांना आता दळण-भाजण झेपत नाही, पण चकलीत मोहन कमी पडलंय हे पहिल्या घासाला कळतं. त्या चकली घेणारच नाहीत, भाजणी घेतील. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या वर्षी आजींच्याच मागे लागलो असतो. भाजणी तुटत नाही, टिकते, आणि थालिपिठाच्या निमित्ताने वर्षभर खपते.

करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली. सर्फ वापरणाऱ्या घरांवर त्यांनी वेळ घालवला नाही. ज्या बाईला पावडर हवी होती पण सर्फचा भाव झेपत नव्हता, तिचं दार त्यांनी वाजवलं. मोठ्या कंपनीला ती बाई दिसायला बरीच वर्षं लागली. मग ‘व्हील’ बाजारात आलं.

प्रश्न : गरिबांना रुपया-दोन रुपयांच्या पुड्या विकणं ही सोय की लूट?

पुडीत काय आहे, ते बघा. चिक शाम्पूचे सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरमधून धंदा सुरू केला. पुढे त्यांनी पुडी पन्नास पैशांपर्यंत खाली आणली. ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हातात पडते, त्याला महिन्याची बाटली एकदम घेता येत नाही. पुडी त्याच्या खिशाच्या मापाची होती. बरं, छोटं पाकीट म्हणजे महागच, असंही नाही. आपल्याकडे शाम्पूच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. पुढच्या वेळी दुकानात मिलिलिटरचा हिशेब करून बघा.

पण नेमक्या याच युक्तीने गुटखाही खपला. खिसा तोच, माप तेच, आणि आत व्यसन. गुटख्याच्या प्लॅस्टिक पुड्यांवर देशभर बंदी आली 2011 मध्ये, महाराष्ट्राने गुटखाच बंद केला 2012 मध्ये (टपरीवरचं वास्तव तुम्हाला माहीत आहेच). शाम्पूची पुडीही धुतल्या तांदळासारखी नाही. थरांचं ते प्लॅस्टिक भंगारवालाही घेत नाही, शेवटी गटारात जातं. त्याचा खर्च कंपनी सोडून बाकी सगळे भरतात.

प्रश्न : मी एका कर्ज देणाऱ्या कंपनीत काम करतो. ज्यांचे हप्ते थकलेत, जे महिनाअखेरीला रात्री ॲप उघडतात, अशांची यादी करून त्यांना नवीन कर्जाच्या जाहिराती पाठवायला सांगितलंय. यात गैर काय, असं साहेब विचारतात. मला उत्तर देता आलं नाही.

साहेबांना सांगा, या यादीला एक नाव द्या आणि ते नाव यादीतल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ‘आजींसाठी भाजणी’ हे आजींना ऐकवता येतं. ‘आधीच बुडालेले आणि रात्री घाबरलेले’ हे ऐकवता येईल?

मी हे एका कंपनीच्या सल्ल्याच्या कामात शिकलो. पहिला महिना फुकट, नंतर पैसे आपोआप कापले जाणार, अशी त्यांची योजना होती. त्यांच्या एक्सेलमध्ये एका गटाचं नाव होतं ‘विसराळू’. सेवा वापरत नाहीत, पण बंद करायलाही विसरतात, असे लोक. सगळ्यात जास्त नफा त्यांच्याकडून. त्यांना आठवण होईल असा एकही मेसेज पाठवायचा नाही, हीच त्यांच्यासाठीची रणनीती. मी बैठकीत हसलो होतो, हे आज सांगताना बरं वाटत नाही. केंद्र सरकारने 2023 मध्ये ज्या 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत वर्गणीचा असा सापळाही आहे.

माणसाची गरज ओळखून गट पाडला तर तो धंदा. त्याचा दुबळा क्षण ओळखून पाडला तर ती शिकार. मधे धूसर पट्टा आहे, मान्य. पण तुमची यादी त्या पट्ट्यात नाही.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी जाहिराती बघून हट्ट करते. मुलांना लक्ष्य करण्यावर काही बंधन आहे की नाही?

आहे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांच्या ऑनलाइन वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे; अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. त्याहून जुनं उदाहरण 1992 च्या कायद्याचं. तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुनेही देता येत नाहीत. बाळंतपणानंतर थकलेली, ‘दूध पुरत नाही’ असं ऐकून धास्तावलेली बाई हा गट विक्रेत्यांच्या हाती द्यायचा नाही, असं संसदेने ठरवलं. मला तो कायदा फार शहाणा वाटतो.

प्रश्न : गट पाडणं म्हणजे भेदभावच ना?

वगळण्याने माणसाचं काय अडतं, यावर ते ठरतं. भाजणीची जाहिरात मला दिसली नाही तर काही बिघडत नाही. घराची किंवा नोकरीची दिसली नाही तर बिघडतं. अमेरिकेत फेसबुकवर घराच्या जाहिराती वंश बघून लोकांपासून लपवता येत होत्या. खटले झाले आणि 2019 मध्ये कंपनीला घर, नोकरी व कर्जाच्या जाहिरातींसाठी ती सोय काढावी लागली. मुंबईत ‘फक्त शाकाहारी कुटुंबाला’ असं लिहायला तंत्रज्ञान लागत नाही.

प्रश्न : कोथरूडमध्ये डबे देतो. पेपरात पत्रक घालू की इन्स्टाग्रामवर रील करू?

सध्या डबा घेणाऱ्या दहाजणांना विचारा, ‘आमचं नाव कुठून कळलं?’ बहुतेक जण शेजाऱ्याचं नाव सांगतील. मग त्या शेजाऱ्याला एक दिवस शिरा पाठवा.