दाताच्या मुळाच्या रिसॉर्प्शनचा (मूळ झिजण्याचा) अभ्यास सुरू करताना

सायटोकाइन्सची (पेशींमधील संदेशवाहक प्रथिनांची) लांबलचक यादी तूर्त बाजूला ठेवा आणि आधी आरएएनकेएल व ओपीजी या प्रथिनांची जोडी पक्की करा. संसर्गामुळे आयएल-१ आणि टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे सायटोकाइन्स वाढले की मुळाभोवतालच्या पेशी आरएएनकेएल अधिक बनवतात, त्याला अडवणारे ओपीजी अपुरे पडते आणि मूळ पोखरणाऱ्या ओडोन्टोक्लास्ट पेशी तयार होतात. एवढे नीट समजले, तर पुढचे वाचन खरोखर सोपे जाते.

नवशिक्यांच्या दोन चुका हमखास दिसतात:

- दाताभोवतालचे हाड झिजले म्हणजे मूळही तितकेच झिजले असे मानणे. सिमेंटमवरील (मुळाच्या कठीण आवरणावरील) खनिजरहित प्रीसिमेंटमचा थर मुळाला बरेच संरक्षण देतो.
- एक्स-रे स्वच्छ दिसताच निर्धास्त होणे. मुळाच्या टोकाच्या बारीक खाचा अनेकदा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

उपचारांत रूट कॅनालमधील जंतू काढण्याला अग्रक्रम द्या. आरएएनकेएलसारखे संकेत रोखणारी औषधे नंतर अभ्यासा.