संध्याकाळची बोट आणि हातातला ग्लास: न्यूयॉर्क हार्बरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जूनमध्ये पुण्याहून सासू-सासरे येतायत, पहिल्यांदाच. मिस्टरांच्या ऑफिसमधले लोक म्हणतात की मॅनहॅटनहून संध्याकाळी कॉकटेल क्रूझ निघते, दीड-दोन तासांची, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पुतळ्यापर्यंत जाऊन येते, तिकडे न्या. पण सासूबाई अजिबात घेत नाहीत, सासरे कधीतरी एखादा पेग घेतात पण माझ्यासमोर त्यांना अवघडल्यासारखं होतं, दोघंही शाकाहारी, आणि सासूबाईंना तर ताम्हिणी घाटातसुद्धा गाडी लागते. सोबत आमचा सात वर्षांचा मुलगा. तिकिटं काही स्वस्त नाहीत म्हणून विचारते, न्यावं का? आणि कुठली बोट बघायची?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: न्या, नक्की न्या. दारू हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात छोटा भाग आहे हो. बघायची असते ती संध्याकाळ, म्हणजे उन्हाचा शेवटचा तास आणि दिवे लागल्यानंतरचा पहिला अर्धा तास, आणि तो एवढा वेळ न्यूयॉर्क पाण्यावरून जसं दिसतं ना तसं ते टाइम्स स्क्वेअरला धक्के खात फिरून किंवा कुठल्या उंच गच्चीवर चढून दिसत नाही. म्हणून बोट निवडताना बारचा मेनू शेवटी बघा, आधी सूर्यास्ताची वेळ बघा. जूनमध्ये तिथं सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्यामुळे साडेपाचला सुटून सातला परत आणणारी बोट स्वस्त दिसली तरी घेऊ नका, भर उन्हात जाऊन याल. सात-सव्वासातला सुटणारी आणि नऊच्या पुढे परत येणारी घ्या.

आता रूट. चेल्सी पियर्स या धक्क्यांवरून म्हणजे हडसन नदीच्या बाजूने निघणारी बोट बघा. ती दक्षिणेकडे निघाली की डाव्या हाताला मॅनहॅटन आणि उजव्या हाताला होबोकेन, जर्सी सिटी. सगळे लोक सूर्य बघायला उजवीकडे गर्दी करतात, तुम्ही सासूबाईंना घेऊन डावीकडे कठड्याला उभ्या राहा. जूनमधलं उतरतं ऊन जर्सीवरून सरळ मॅनहॅटनच्या काचांवर पडतं आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, ते ५४१ मीटरचं, खालपासून वरपर्यंत तांबूस होतं, हळूहळू ते ऊन वर वर सरकत जातं आणि शेवटी फक्त टोकाला उरतं. हे दहा-पंधरा मिनिटं चालतं. या वेळात फोटो कमी काढा, बघा जास्त.

सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर सुटल्यावर लगेच किनाऱ्याकडे लक्ष ठेवायला सांगा. चेल्सी पियर्स १९१० मध्ये बांधून झाले ते मोठ्या आगबोटींसाठी, टायटॅनिक जिथे लागणार होती तो ५९ नंबरचा धक्का इथलाच. वाचलेल्या लोकांना घेऊन कार्पेथिया १८ एप्रिल १९१२ च्या रात्री आली तेव्हा तिने टायटॅनिकच्या रिकाम्या लाइफबोटी आधी ५९ वर उतरवल्या आणि मग माणसं ५४ वर. त्या ५४ नंबरच्या धक्क्याची गंजलेली लोखंडी कमान अजून उभी आहे, लिटल आयलंड नावाची नवी बाग झालीय तिच्या शेजारीच.

पुढे उजवीकडे एलिस आयलंड लागेल. १८९२ ते १९५४ या काळात साधारण सव्वा कोटी माणसं तिथून अमेरिकेत आली, गाठोडी घेऊन, डॉक्टरी तपासणीच्या रांगेत उभी राहून. ज्यांची मुलं अशी सातासमुद्रापार येऊन राहिलीत त्या आईवडिलांना हे बेट जरा वेगळं दिसतं, तेव्हा तिथं घाई करू नका, त्यांना बघू दे. मग लिबर्टी. ती फ्रान्सची भेट, शिल्पकार बार्थोल्डीने घडवलेली, आतला लोखंडी सांगाडा आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा, २८ ऑक्टोबर १८८६ ला तिचं अनावरण झालं. बाहेरचा तांब्याचा पत्रा फक्त अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड आहे, हे सांगितलं की मुलगा दोन मिनिटं तरी गप्प बसेल. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या की तिचं तोंड आग्नेयेला आहे, समुद्रातून येणाऱ्या जहाजांकडे, आणि संध्याकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो. म्हणजे चेहरा सावलीत आणि फोटो आला तर काळ्या आकृतीचा येणार, मागे केशरी आकाश. तो सुंदरच असतो, पण चेहरा स्पष्ट दिसणारा फॅमिली फोटो हवा असेल तर त्यासाठी सकाळची फेरी वेगळी करावी लागेल. दिवे लागले की चेहरा परत दिसायला लागतो, कॅप्टन थोडा वेळ थांबला तर बरं, नाहीतर परतताना.

यानंतर बोट मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पलीकडच्या ईस्ट रिव्हरमध्ये जात असेल तर उत्तम, बुक करतानाच विचारा ब्रुकलिन ब्रिजपर्यंत जाते का. कारण त्या पुलाची गोष्ट तुमच्याच घरात सांगायला पाहिजे. तीही एका सासरे-मुलगा-सुनेचीच गोष्ट. सासरे जॉन रोब्लिंग यांनी पुलाचा आराखडा केला, १८६९ मध्ये धक्क्यावर पाहणी करताना फेरीबोटीखाली पाय चिरडला, धनुर्वात झाला आणि ते गेले. मुलगा वॉशिंग्टनने काम हातात घेतलं, तर पाण्याखाली पुलाचा पाया खणायच्या पेट्यांमधल्या दाबाच्या हवेने त्याला असा आजार जडला की तो अंथरुणाला खिळला, खिडकीतून काम बघायचा. मग सून एमिली रोज साइटवर जायला लागली, आधी नवऱ्याचे निरोप घेऊन, मग स्वतः गणित आणि इंजिनियरिंग शिकून, आणि अशी दहाएक वर्षं तिने ते काम तडीला नेलं. २४ मे १८८३ ला पूल सुरू झाला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४८६ मीटर, त्या काळी जगातला सगळ्यात लांब झुलता पूल. रात्रीचे दिवे लागलेले असताना त्याच्याखालून जायचं आणि वर बघत ही गोष्ट सासूबाईंना सांगायची, मला तर वाटतं तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

बोट लागण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कचा हा आतला भाग चांगला झाकलेला आहे, स्टेटन आयलंड आणि ब्रुकलिन दोन्हीकडून आडवे आल्यामुळे समुद्राच्या मोठ्या लाटा आत फारशा येत नाहीत. हलतं ते दुसऱ्या बोटींच्या लाटांनी, फेरीबोटी आणि स्पीडबोटी सारख्या ये-जा करत असतात. सासूबाईंना खालच्या केबिनमध्ये अजिबात बसवू नका, बोटीच्या मधोमध, उघड्यावर, लांब क्षितिजाकडे बघत. रिकाम्या पोटी नको आणि तुडुंब जेवूनही नको, पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या असू द्यात. सासूबाई घाटात जाताना अव्होमिन ही गाडी लागू नये म्हणूनची गोळी घेत असतील तर तशीच आधी घ्यावी, पण ती गोळी आणि दारू एकत्र कोणीच घेऊ नये, झापड येते. सासऱ्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर ग्लासाचं डॉक्टरांना निघण्याआधीच पुण्यात विचारून ठेवा.

बोटीचे ढोबळ प्रकार तीन. शिडाची स्कूनर, ती दिसायला अप्रतिम, इंजिन बंद करून नुसत्या वाऱ्यावर चालते तेव्हा तर फारच, पण वाऱ्याने एका बाजूला कलते आणि सासूबाईंना ते झेपणार नाही. दुसरी, जुन्या धाटणीची लाकडी डेकची मोटर यॉट, मधे काचेची केबिन, पन्नास-साठ माणसं, हळू संगीत. तुमच्यासाठी हीच. तिसरी, तीन मजली पार्टी बोट, डीजे वगैरे, ती मित्रांबरोबर जायला ठीक आहे, आईवडिलांना घेऊन नको, दोन तास एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मुलाचं मात्र आधी नीट बघा, काही क्रूझ फक्त २१ वर्षांवरच्यांसाठी असतात आणि मग धक्क्यावरून परत फिरायची पाळी येते.

पिण्याचं. अमेरिकेत वय २१ लागतं आणि पांढरे केस बघूनसुद्धा आयडी मागू शकतात, सासऱ्यांचा मूळ पासपोर्ट जवळ असू द्या. बऱ्याच ठिकाणी तिकिटात एक ड्रिंक धरलेलं असतं आणि ते साधं सोडा-लाइमही चालतं, नंतरचं विकत, आणि दर ग्लासामागे एक-दोन डॉलर टिप ठेवायची पद्धत आहे. सासऱ्यांना संकोच वाटतो ना, मग मिस्टरांना सांगा की वडिलांना घेऊन बारपाशी जा, आणि तुम्ही स्वतः सासूबाई आणि मुलाला घेऊन कठड्याशी थांबा. बापलेक दोघं एकेक ग्लास घेऊन नदीकडे बघत उभे राहिले तर त्यांना कदाचित कित्येक वर्षांत असा वेळ मिळालेला नसेल. तेवढी मोकळीक द्या.

खाण्याचं, चीजच्या त्याच ताटात सलामी, म्हणजे मांसाचे पातळ काप, लावून आणतात, म्हणून शाकाहारी ताट वेगळं पाहिजे हे बुकिंगलाच लिहा. बाहेरचं खाणं बऱ्याच बोटींवर चालत नाही, तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या ट्रेनमध्येच खाऊन घ्या. एडिसनहून पेन स्टेशन, तिथून टॅक्सी किंवा २३ व्या रस्त्यावरून जाणारी एम२३ बस, ती पार नदीपर्यंत जाते. धक्क्यावर अर्धा तास आधी पोचा, बोट कोणासाठी थांबत नाही. गाडी घरीच ठेवा, म्हणजे परत कोण चालवणार हा प्रश्नच नको. साडी चालेल पण पायात रबरी तळाचं सपाट काहीतरी, डेक ओला असतो, आणि जून असला तरी शाल घ्याच, सूर्य गेला की पाण्यावरचा वारा अंगाला झोंबतो.

प्रश्न: मी क्वीन्समध्ये रूम करून राहते, मास्टर्स चालू आहे. आम्ही चौघी मैत्रिणींना अशी क्रूझ करायचीय पण बजेट नाही, आणि एकीला २१ व्हायला नोव्हेंबर उजाडेल. स्टेटन आयलंडची फुकट फेरी म्हणजे तेच का, की नुसता टाइमपास?
– एक वाचक, न्यूयॉर्क

उत्तर: टाइमपास अजिबात नाही गं, मला ती फेरी मनापासून आवडते. १९९७ पासून तिला तिकीट नाही, चोवीस तास चालते, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या व्हाइटहॉल टर्मिनलहून स्टेटन आयलंडवरच्या सेंट जॉर्जपर्यंत २५ मिनिटं. टर्मिनलबाहेर कोणी जॅकेट घालून तिकिटं विकत असेल तर सरळ पुढे चालत राहा, फेरीला तिकीटच नसतं. जाताना उजव्या बाजूला बाहेर उभं राहायचं, लिबर्टी तिकडे दिसते, क्रूझइतकी जवळून नाही पण छान दिसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात ऑफिसवाल्यांची तोबा गर्दी असते, त्यापेक्षा शनिवार-रविवार बरा. सेंट जॉर्जला सगळ्यांना उतरावंच लागतं, उतरून परत रांगेत. वेळ अशी साधा की जाताना सूर्य मावळेल आणि येताना दिवे लागलेलं मॅनहॅटन समोरून अंगावर येईल, त्यासाठी येताना पुढच्या टोकाला जागा धरा.

आणि तिथेच थांबू नका. व्हाइटहॉलहून चालत पियर ११ ला जा आणि एनवायसी फेरीची ईस्ट रिव्हरची बोट पकडा, काही डॉलरचं तिकीट, वरच्या डेकवर बसा, ब्रुकलिन, मॅनहॅटन आणि विल्यम्सबर्ग तिन्ही पूल एकामागून एक डोक्यावरून जातात. ३४ व्या रस्त्याला उतरलात की झालं. शेवटच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवा.

ज्यांना ड्रिंक घ्यायचंय त्यांच्यासाठी धक्क्याला बांधलेल्या बोटींवरचे बार आहेत, उन्हाळ्यात चालू असतात. पियर ६६ ला फ्राइंग पॅन नावाचं १९२९ चं दीपजहाज, म्हणजे समुद्रात दीपस्तंभाचं काम करणारं जहाज, आहे, बुडून तीन वर्षं पाण्याखाली होतं आणि मग वर काढलं, आतला गंज तसाच ठेवलाय. पियर २५ ला १९४२ ची लाकडी मासेमारी स्कूनर आहे, तिच्यावर ऑयस्टर बार. मैत्रिणीला २१ व्हायच्या आधी दुसऱ्या कोणाचं आयडी वगैरे देऊ नका प्लीज, स्टुडंट व्हिसावर असताना असल्या भानगडीचा त्रास व्हिसालाही होऊ शकतो. त्यापेक्षा चौघी मिळून आत्ता फेऱ्या करा आणि खरी क्रूझ नोव्हेंबरमध्ये तिच्या वाढदिवसाला, तोपर्यंत दर महिन्याला थोडे थोडे साठवा.

प्रश्न: आम्ही दोघं डिसेंबरमध्ये नाशिकहून मुलीकडे जातोय. थंडीत संध्याकाळच्या बोटीला काही अर्थ आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आहे, फक्त बोट वेगळी घ्या. शिडाच्या बोटी तोवर बहुतेक बंद झालेल्या असतात, तेव्हा काचेची बंद आणि गरम केबिन असलेलीच बघा. डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणून चारची बोट म्हणजे सूर्यास्ताची बोट, हे लक्षात ठेवा, सहाची घेतलीत तर पूर्ण अंधारच मिळेल. एक फायदा मात्र जूनवाल्यांना मिळत नाही असा आहे. पाच वाजता अंधार पडलेला असतो आणि ऑफिसं अजून चालू असतात, त्यामुळे खालच्या मॅनहॅटनच्या इमारतींमधले दिवे मजल्यामागून मजले लागलेले दिसतात, जूनमध्ये रात्री साडेनऊला त्यातले कितीतरी विझलेले असतात. म्हणून शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार घ्या, तिकीटही बरेचदा कमी पडतं. कानटोपी आणि हातमोजे घालून पाच-पाच मिनिटं डेकवर जायचं, परत आत येऊन गरम काहीतरी घ्यायचं, असं करत राहा. नाताळच्या आठवड्यातली तिकिटं लवकर संपतात, मुलीला नोव्हेंबरमध्येच काढून ठेवायला सांगा.