मत कुणाला दिलं, हे मुकादमाला कळतं का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. विधानसभेच्या वेळी मुकादमाने त्याच्याच उमेदवाराला मत देण्याची शपथ म्हणून बेलभंडारा उचलायला लावला. ‘मशीनवरून कळतंच, तरी फोटो आण,’ म्हणाला. सासूबाईंना कमी दिसतं, तर त्यांच्यासोबत आत जायला आपला माणूस पाठवत होता. खरंच कळतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, ताई. तुमचं एकटीचं मत मशीनमधून काढता येत नाही. सही होते ती मतदारांच्या १७-अ नोंदवहीत. तिथे बटणाची नोंद नसते. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मशीनशेजारच्या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह एवढंच. ती सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते.

कळते ती बूथची बेरीज. निकाल केंद्रनिहाय जाहीर होतो आणि हजार-बाराशे मतदारांचं केंद्र म्हणजे चार गल्ल्या. ‘तुमच्या गल्लीने दिलं नाही’ हे त्यांना दिसतं, ‘तू दिलं नाहीस’ हे नाही. धाक घालणारे या दोन्हींची मुद्दाम गल्लत करतात. चौदा मशीनपर्यंतची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं. ते अजून वापरात नाही, हे गरीब वस्त्यांवर अन्यायाचं आहे.

फोटोसाठी मोबाइल आत नेता येत नाही, हेच उत्तर द्या.

सासूबाईंचा सोबती सासूबाईच निवडतील (निवडणूक संचालन नियम ४९-एन). चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षांची खात्री पटली तरच सोबती मिळतो; निव्वळ निरक्षर म्हणून नाही. सोबती १८ वर्षांपुढचा हवा, त्या दिवशी तो एकाच मतदारासोबत जाऊ शकतो आणि मत गुप्त ठेवण्याचं लिहून देतो. तुम्हीच जा. मुकादमाचा माणूस दुसऱ्या कुणासोबत पुन्हा आत जाताना दिसला, तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा.

आता बेलभंडारा. ही शपथ मोडली तर देव कोपेल, असं मतदाराच्या मनात भरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ नुसार ‘गैरवाजवी प्रभाव’ आहे. कामावरून काढण्याची धमकीही त्यातच येते. कलम १७४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ तर सांगतं की साक्षीदारालासुद्धा मत कुणाला दिलं हे सांगायला लावता येत नाही.

आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून नाव न देता तक्रार करता येते. फोटो किंवा व्हिडिओ मात्र जागेवरच, ॲपमधूनच घ्यावा लागतो. ते जमत नसेल तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा.