अनियाकचाकसाठी चार दिवस?

जुलैत चार दिवस काढून अलास्कातल्या अनियाकचाक या ज्वालामुखीला जाऊन येता येईल का आणि तिथे आखलेली पायवाट आहे का, असं तुम्ही विचारलंय. पायवाट नाही. आणि चार दिवसांत जमणार नाही. निदान दहा हाताशी असतील तरच विचार करा.

अडचण हवेची आहे. अलास्का द्वीपकल्पाच्या एका अंगाला बेरिंग समुद्र, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक, आणि दोन्हीकडची हवा याच डोंगरावर येऊन भिडते. पाण्यावर उतरणारं छोटं विमान किंग सॅमन या गावाहून ठरवायचं आणि थेट विवरातल्या सरप्राइज लेकवर उतरायचं, हा सोपा मार्ग. पण कड्यावरून ढग आत सांडायला लागले की वैमानिक माघारी फिरतो, आणि त्याने फिरावंच. पहिल्या खेपेला मी पाच दिवस सामान बांधून बसलो आणि सहाव्या दिवशी विवर न बघताच परत निघालो. नंतर कळलं, सातव्या दिवशी आभाळ लख्ख होतं!

न्यायला येणारं विमानही असंच अडकतं. तेव्हा तीन-चार दिवसांचा शिधा जास्तीचा घ्या, आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र तर हवंच.

दुसऱ्या खेपेला पोर्ट हायडन या गावाहून चालत गेलो. आधी टुंड्रा, मग पाय रुतणारी राख. झाडाचा आडोसा कुठेच नाही. वाऱ्याने तंबूची एक काठी रात्रीच मोडली. पण कड्यावर पोचलो आणि थकवा विसरलो. सुमारे १० किलोमीटर रुंद आणि ६०० मीटरहून खोल खड्डा, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात डोंगराचा माथा खचून झालेला. हे विवर आहे हे भूवैज्ञानिकांनाही १९२२मध्ये कळलं. बर्नार्ड हबर्ड या जेझुइट पाद्र्याने १९३०मध्ये आत हिरवळ पाहिली होती. पुढच्याच वर्षी उद्रेक झाला आणि तो परत गेला तेव्हा सगळं जळून काळं पडलेलं. त्या काळ्या राखेतून मी अर्धा दिवस चाललो.

एके काळी आत मोठं तळं होतं. ते पूर्वेची भिंत फोडून बाहेर पडलं. त्या खिंडीला ‘द गेट्स’ म्हणतात. तिथूनच अनियाकचाक नदी पॅसिफिककडे जाते. राफ्ट चालवायचा चांगला सराव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, वरचा भाग उताराचा आणि दगडांनी भरलेला आहे.

याच नदीतून सॅमन मासे सरप्राइज लेकपर्यंत चढतात आणि त्यांच्या मागे तपकिरी अस्वलं. खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यातच ठेवा, तंबूपासून लांब. स्टोव्हचं इंधन आणि अस्वलासाठीचा स्प्रे प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. ते कुठे मिळेल हे विमान ठरवतानाच विचारून घ्या.

तिकीट अजून काढलं नसेल तर परतीची तारीख बदलता येईल असंच काढा.