एरिक फ्रॉमचे प्रेमाविषयीचे विचार आपल्याकडच्या ठरवून होणाऱ्या लग्नांना लागू पडतात का?

तुम्ही विचारलंय की प्रेम शिकावं लागतं असं मनोविश्लेषक आणि विचारवंत एरिक फ्रॉम म्हणतो, मग घरच्यांनी पत्रिका बघून लग्न ठरवलं तर त्यात शिकायला काय उरतं? शिवाय माणूस मुळात चांगला की स्वार्थी, यावर त्याचं मत काय? मी बेळगावात आमच्या समाजाच्या वधू-वर केंद्राचं काम बघते, त्यामुळं पहिल्या भागावर जास्त लिहीन.

लागू पडतात, आणि चांगलेच लागू पडतात. फ्रॉमचं 'द आर्ट ऑफ लव्हिंग' 1956 साली अमेरिकेत आलं. तिथं जोडीदार आपला आपण निवडायची पद्धत होती, तरी त्याची तक्रार अशी होती की सगळ्यांची धडपड फक्त योग्य माणूस मिळवण्यासाठी चालते. तो एकदा मिळाला की प्रेम आपोआप जमेल, अशी समजूत. मला स्वतःला प्रेम करता येतं का, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. निवडही बाजारातल्यासारखी होते: आपली किंमत ओळखायची आणि त्या किमतीत पदरात पडेल ते चांगल्यात चांगलं बघायचं.

आता आमच्याकडं येणारा बायोडाटा बघा. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, उंची, वर्ण. मग नोकरी, पगार, शेती किती एकर, त्यात ऊस किती, घर स्वतःचं की भाड्याचं, मामाचं गाव कुठलं. तळाला 'अपेक्षा' म्हणून एक ओळ: 'अनुरूप, निर्व्यसनी.' मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आहे म्हटलं की पुष्कळ पालक पुढचं वाचत नाहीत. पुण्यात किंवा बंगळूरला आयटीत असला की फोटो बघायच्या आधी फोन येतो, "मावशी, पॅकेज किती म्हणालात?" मुलीला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की तो घरात बोलतो कसा, चिडला की काय करतो. त्याला रकाना नाही.

या वृत्तीबद्दल फ्रॉमनं 1947 च्या 'मॅन फॉर हिमसेल्फ'मध्ये आधीच लिहिलं होतं. बाजारावर चालणाऱ्या समाजात माणूस स्वतःकडंही विकायचा माल म्हणून बघू लागतो. मागणी असली तर मी कुणीतरी आहे, नसली तर मी कुणीच नाही. खानापूर, हुक्केरीकडची शेती करणारी, तिशी ओलांडलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा हे वाक्यावाक्यात दिसतं. ती "स्थळ जमलं नाही" असं म्हणत नाहीत. "माझ्यात काय कमी आहे?" असं विचारतात. निर्व्यसनी, कष्टाळू पोरं आहेत ही. त्यांना असं विचारायची वेळ येते, याचा मला मनापासून त्रास होतो.

ठरवून होणाऱ्या लग्नांचा उल्लेख 'द आर्ट ऑफ लव्हिंग'मध्येच आहे. जुन्या समाजांत घरची माणसं किंवा मध्यस्थ लग्न ठरवत आणि प्रेम लग्नानंतर वाढेल अशी अपेक्षा असे, हे तो नोंदवतो. कुणावर प्रेम करणं म्हणजे नुसती जोरदार भावना नव्हे, तो एक निर्णय आहे, वचन आहे, असंही सांगतो. पण यावरून आपली पद्धतच बरी, असा अर्थ मी काढणार नाही. निर्णय त्या दोघांचा असेल तरच त्याला निर्णय म्हणायचं. बापानं घेतलेला निर्णय मुलीनं निभावून नेणं यात प्रेम येतंच असं नाही, पुष्कळदा नुसती सोशिकता असते.

प्रेमात चार गोष्टी हव्यात असं तो म्हणतो: काळजी, जबाबदारी, आदर आणि जाण. पहिल्या दोन आपल्या घरांत भरपूर सापडतात. आदर म्हणजे पाया पडणं नव्हे. समोरचा जसा आहे तसा बघणं आणि त्याला त्याच्या पद्धतीनं वाढू देणं. आमची खरी कमतरता तिथं आहे. आणि जाण म्हणजे वरवरच्या रागाखाली काय आहे ते ओळखणं. वडगावात पॉवरलूमवर साड्या विणणाऱ्या एका कानडी घरात माझं जाणं-येणं आहे. एकदा नवरा बाहेरून आला तो पोरांवर ओरडतच. मी उठायला लागले तर अक्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला हातानंच बसवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "राग नाही त्यांना. सूत महागलंय." आणि त्याला आधी चहा दिला. पुढं ती दोघं हिशेबाची वही काढून बसली. फ्रॉमचं ते प्रकरण मला त्या खोलीत नीट कळलं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. आईचं प्रेम बिनशर्त आणि बापाचं प्रेम गुण बघून मिळवायचं, अशी मांडणी तो करतो. हे आदर्श नमुने आहेत, प्रत्येक आई-बाप असेच नसतात, असं तो स्वतः सांगतो खरा, तरी बाईवर देवपणाचं ओझं टाकायला त्याची मदत होतेच. आईलाही दमायचा, चिडायचा हक्क आहे.

आता माणसाच्या स्वभावाविषयी. फ्रॉमचा जन्म 1900 चा, फ्रांकफुर्टच्या ज्यू कुटुंबातला. मनोविश्लेषण तो बर्लिनमध्ये शिकला, फ्रॉइडइतकाच मार्क्सही त्यानं मनापासून वाचला. हिटलर सत्तेवर आल्यावर 1934 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. माणूस जन्मतः चांगला की वाईट, यात तो एका बाजूला उभा राहत नाही. त्याच्या मते माणूस निसर्गाचाच भाग, पण स्वतःची आणि स्वतःच्या मरणाची जाणीव असलेला, म्हणून एकटा पडलेला. हे एकटेपण त्याला सोसत नाही. प्रेम आणि मन लावून केलेलं काम हा त्यावरचा एक मार्ग. तो बंद झाला की माणूस दुसऱ्याला ताब्यात घेतो, स्वतः कुणाच्या तरी ताब्यात जातो, मोडतोड करतो, नाहीतर चारचौघांत विरघळून जातो. 1941 च्या 'एस्केप फ्रॉम फ्रीडम'चा गाभा हाच: स्वातंत्र्य पेलवलं नाही म्हणून माणसं हुकूमशहाच्या मागं जातात. जे आयुष्य जगायला मिळालं नाही, त्यातून विध्वंस येतो, असं तो म्हणतो. म्हणून त्याच्याकडं प्रेम आणि समाज हे दोन वेगळे विषय नाहीत.

सीमाभागात राहणाऱ्यानं त्याचं 'द हार्ट ऑफ मॅन' (1964) वाचावंच. समूहाच्या आत्मप्रेमाबद्दल त्यात आहे. ज्याच्या हाती स्वतःचं म्हणावं असं फार काही नाही, त्याला 'मी जगातल्या सर्वांत थोर गटाचा आहे' या भावनेचा मोठा आधार होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे गरीब गोरे आणि नाझी जर्मनी ही त्याची उदाहरणं. ओळखायची खूण अशी की आपल्या गटावर साधी टीका झाली तरी डोकं भडकतं आणि समोरच्याचं चांगलं काही दिसेनासं होतं.

आमच्याकडं 1 नोव्हेंबर येतो तेव्हा एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडं मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्याची सल आमच्या घरातही आहे. आपल्या भाषेत कागद मिळावा, पाटी वाचता यावी, पोरांची शाळा टिकावी, ही मागणी मी सोडणार नाही. त्याला मी प्रेमच म्हणते. पण त्या दिवसांत दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या गाड्यांच्या नंबरप्लेट बघून दगड उचलतात, तेव्हा त्यांत नोकरी नसलेली, लग्न न जमलेली मुलं किती असतात ते बघा. फ्रॉम 'द सेन सोसायटी'त म्हणतो की माणुसकीवरच्या प्रेमाचा भाग नसलेलं देशप्रेम ही मूर्तिपूजा आहे. भाषेलाही ते तसंच्या तसं लागू होतं. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाणाऱ्या गर्दीत दोन्ही भाषांची माणसं भंडारा उधळतात, एकाच चुलीवर नैवेद्य शिजवतात. तीच माणसं खाली शहरात आली की परकी कशी होतात, याचं उत्तर मला 'द हार्ट ऑफ मॅन'मध्ये जेवढं मिळालं तेवढं भाषणांत मिळालं नाही.

सुरुवात 'द आर्ट ऑफ लव्हिंग'नंच करा, लहान पुस्तक आहे. शेवटचं प्रकरण सरावाविषयी आहे, ते आधी वाचलं तरी चालेल. शिस्त, एकाग्रता, धीर, एकटं बसता येणं, समोरचा बोलत असताना खरंच ऐकणं, एवढं साधं त्यात आहे. लग्न ठरलेलं असेल तर दोघांनी मिळून वाचा, आणि साखरपुड्याच्या आधी.