धनुष्याची पाठ आणि पोट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सागवानाच्या फळीतून मी घरीच पाच फूट लांबीचे धनुष्य तयार केले. मधोमध आठ इंचांची न वाकणारी मूठ, रुंदी सव्वा इंच, जाडी पाऊण इंच. सुबक दिसावे म्हणून चारही बाजूंनी रंधा मारून पॉलिश पेपरने घासले. दोरी चढवून तिसऱ्यांदा २८ इंचांपर्यंत ओढताच वरची भुजा मुठीपासून वीतभर अंतरावर फाडकन मोडली. दोष लाकडाचा की माझा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुकडे अजून टाकून दिले नसतील, तर मोडलेली जागा उजेडात धरून नीट पाहावी. मोड तिरपी, लांब कुसळांची असेल आणि लाकडाची एखादी रेषा कडेला बाहेर पडते तिथूनच ती सुरू झालेली दिसत असेल, तर कारण त्या रेषेत आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून मला हीच शक्यता अधिक वाटते, मात्र तिच्या जोडीला लांबीचा आणि जाडीचा हिशेबही चुकलेला आहे.

धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणावे आणि जी आपल्याकडे असते तिला पोट. दोरी ओढली की पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे तंतू दाबले जातात. ताण सहन करायचा तर पाठीवरचा तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवा. तो मध्येच कापला गेला असेल, तर तिथे लाकडाची चीप उचलली जाते आणि पुढच्या क्षणी भुजा मोडते. आपण सुबकपणासाठी पाठीवरही रंधा चालवलात, त्यामुळे जे तंतू मुळात अखंड होते तेही जागोजागी कापले गेले असण्याचा संभव आहे. ओंडक्यापासून काम करणारे कारागीर म्हणूनच साल काढून झाल्यावर वाढीचे एकच वलय पाठीवर राखतात. त्यात उंचवटा असला तर उंचवट्यासह, वळण असले तर वळणासह. फळीतूनच करायचे असेल, तर रुंद बाजूवर आणि दोन्ही कडांवर रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली फळी शोधावी लागते. वखारीत डोळ्यांना खात्री वाटत नसेल, तर शाईच्या पेनाचा एक थेंब लाकडावर सोडावा. शाई ज्या दिशेने पसरते ती तंतूंची खरी दिशा होय.

गाठीच्या बाबतीत मी स्वतः हीच चूक केली होती. बाभळीच्या फांदीच्या पाठीवर सुपारीएवढी गाठ होती, ती कानशीने सपाट करून मी समाधान मानले आणि धनुष्य बरोबर त्याच जागी तुटले. एक ढलपी भुवईच्या वर लागली. तेव्हापासून डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असल्याशिवाय मी नवे धनुष्य ओढत नाही, आणि गाठीभोवतीचे लाकूड कमी करण्याऐवजी तिथे थोडे जास्तच ठेवतो.

आता लांबीकडे वळू. २८ इंच ओढ हवी असेल, तर तिच्या दुप्पट, म्हणजे ५६ इंच, तर वाकणारा भागच हवा. त्यात न वाकणाऱ्या मुठीचे आठ इंच मिळवले तर ६४ होतात आणि नवशिक्याने त्यावर आणखी चार इंच धरावेत. आपल्या ६० इंचांच्या धनुष्यातून मूठ वजा केली की वाकायला जेमतेम ५२ इंच उरत होते. रुंदी-जाडीचा नियम तर मनात कायमचा कोरून ठेवण्यासारखा आहे. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, पण जाडीच्या बाबतीत तो घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी एक दशांशाने घटवली, तरी ताठरपणा चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. शिवाय सारख्याच बाकाला जाड लाकडाच्या पाठीवर अधिक ताण येतो. म्हणून अरुंद आणि जाड भुजेपेक्षा पावणेदोन इंच रुंद, पातळ आणि टोकांकडे अर्ध्या इंचापर्यंत निमुळती होत जाणारी भुजा अधिक सुरक्षित.

यानंतरचे काम बाक जुळवण्याचे. धनुष्य खरे तर याच टप्प्यावर घडते आणि घाईमुळे मोडते तेही याच टप्प्यावर. प्रथम टोक जमिनीवर टेकवून मुठीवर दाब द्यावा आणि भुजा कुठे वाकते ते पाहावे. मग लांब, सैल दोरी लावून मूठ भिंतीवरच्या आधारावर टेकवावी आणि कप्पीवरून दोर घेऊन आठ-दहा फुटांवर उभे राहून दोरी हळूहळू ओढावी, म्हणजे संपूर्ण बाक एका नजरेत येतो. सहा इंचांची सरळ पट्टी पोटावरून सरकवत नेली, तर ज्या ठिकाणी पट्टीखालची फट नाहीशी होते तो भाग ताठर समजावा आणि तिथे पेन्सिलीने रेघोट्या माराव्यात. लाकूड काढायचे ते पोटाकडूनच आणि फक्त त्या रेघोट्यांपुरते. जिथे बाक आधीच जास्त आहे तिथे हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी खरवडून झाल्यावर वीस-तीस वेळा अर्धवट ओढून लाकडाला नव्या बाकाची सवय होऊ द्यावी, तेव्हाच पुढचा निर्णय घ्यावा. कानशीचे काम संपले की फुटक्या काचेच्या धारेने खरवडावे. त्यातून निघणारा कागदासारखा पातळ पापुद्रासुद्धा शेवटच्या टप्प्यात फरक घडवतो.

आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ १.८२ मीटर लांबीचे यू वृक्षाचे धनुष्य होते. ते अपूर्ण होते. हत्याराने तासल्याच्या खुणा त्यावर आजही दिसतात. आपले काम त्या माणसाच्या कामापासून फार दूरचे नाही, ही गोष्ट मला दर वेळी बळ देते. पुढचे धनुष्य अवश्य करावे.

प्रश्न : बांबूचे धनुष्य जुलैमध्ये पुरे केले. मोडले नाही, पण दोरी उतरवल्यावरही दीड-दोन इंच वाकलेलेच राहते. इलाज आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कोकणातल्या जुलैच्या हवेत बांबू ओलसर असताना त्याला बाक दिला गेला, हे याचे उघड कारण आहे. ओल्या लाकडाचे पोट दाबाखाली चेपते आणि चेपलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. हे धनुष्य सरावाला चालेल. दुसरे करताना पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला, तीन वर्षांचा मानवेल घ्यावा. तो जवळजवळ भरीव असतो आणि त्या काळात तोडला तर किडीचा उपद्रवही कमी होतो. कांब काढून सावलीत हवेशीर ठेवावी आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे. वजन घटायचे थांबले आणि हवाही कोरडी असली की काम सुरू करावे. बांबूची चकचकीत बाहेरची बाजू पाठ म्हणून ठेवावी, कारण त्याचे दणकट तंतू तिथेच दाटलेले असतात. बाहेरची पेरे तासू नयेत. सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याची तर दोरीसुद्धा बांबूच्या कांबेचीच असते, यावरून या तंतूंची ताकद लक्षात यावी. लाकूडच हवे असेल, तर गाड्यांच्या दांड्यांसाठी पूर्वापार वापरले जाणारे चिवट धामण उत्तम. मात्र वनजमिनीवरून परवानगीशिवाय काहीही तोडू नये. खासगी जमिनीवरच्या बांबूला वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले आहे, त्यामुळे शेताच्या बांधावरच्या बेटातून तो घेणे सोपे आहे.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीसाठी धनुष्य करायचे आहे. किती जोराचे असावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पंधरा ते वीस पौंड, म्हणजे सात ते नऊ किलो, पुरेसे आहे. तिच्या हाताची ओढ आधी मोजून घ्यावी, सामान तोलण्याचा हुकाचा काटा दोरीला अडकवावा आणि तेवढ्याच अंतरापर्यंत ओढून आकडा वाचावा. दोरी पॉलिएस्टरची असावी. नायलॉन ताणले जाते. बाण लावलेला नसताना ओढलेली दोरी कधीही सोडू नये, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे, कारण बाणाबरोबर जायची ती सारी शक्ती मग धनुष्याच्या भुजांनाच सोसावी लागते. मागे मातीचा उंच बांध असेल अशाच जागी सराव करावा, आणि तो संपला की दोरी उतरवून धनुष्य दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे.