गुहागरला निघताना तिथी बघा

प्रश्न : भाऊबीज आटोपली की त्याच संध्याकाळी नागपूरहून निघून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करायचं आहे. सोबत सत्तरीतले आईबाबा. मागच्या खेपेला हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळलंच नाही. काय चुकलं?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : वेळ चुकली. बामणघळ म्हणजे कातळात शिरलेली अरुंद चीर. भरतीची लाट तिच्यात कोंडते, पुढे जायला वाट नसते, म्हणून पाणी वर उसळतं. ओहोटीला लाटेत तेवढा जोरच नसतो.

भरती काढायला घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा तासभर आधीच पोचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीकडे भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं. म्हणून बामणघळ शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरून मांडवी एक्सप्रेसने चिपळूण गाठता येतं. मात्र विदर्भ रखडली तर मांडवी हुकते, तेव्हा नंतरची एखादी गाडी हेरून ठेवा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीत त्याच सकाळी बसावं लागतं. चिपळूण ते गुहागर साधारण 45 किलोमीटर, घाटवळणांचा रस्ता. आईबाबांना गाडी लागत असेल तर पोटभर जेवून बसवू नका.

मुक्काम गुहागरलाच ठेवा, रोज बॅगा बांधायचा ताप नको. चतुर्थीला सकाळी वेळणेश्वर, मग हेदवीचा दशभुज गणेश (विनायकी असल्याने गर्दी असेल) आणि तिनाच्या आत घळ. कातळ शेवाळलेला असतो. आईबाबांना उमामहेश्वराच्या देवळापाशीच बसवा. दुसऱ्या दिवशी अंजनवेलचा गोपाळगड.

गाडी वाळूत उतरवू नका. ओली वाळू कडक दिसते, पण चाक फिरलं की रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

या तालुक्याला तिन्ही बाजूंनी पाणी : उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची, पश्चिमेला समुद्र. त्यामुळे गणपतीपुळे जोडायचं असेल तर चिपळूणला वळसा घालू नका. तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते, मोटारीसकट. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि परतीचं तिकीट रत्नागिरीहून काढा.